दुर्री की दश्शी

दुष्काळातल्या छावणीत दुपारी पत्त्यांचा मेंढीकोट रंगायचा. हरलेली जोडी जिंकलेल्यांच्या गुरांना पाणी पाजायची. एकदा चौथा गडी चाऱ्याच्या रांगेत अडकला, म्हणून नवऱ्यानं मला जोडीला घेतलं. “हिला हुकूम कळतो का बे?” विरुद्ध जोडीतले, गावच्या सोसायटीचे चेअरमन हसले. शेवटी माझ्याकडं दोनच पानं उरली: हुकमाची दुर्री, चौकटची दश्शी. दश्शी ज्याची, डाव त्याचा. नवऱ्यानं किलवरचा गुलाम टाकला. माझ्याकडं किलवर नव्हतं. “हुकूम मार!” तो ओरडला. मारला असता, तर पुढच्या हाताला मलाच दश्शी उतरावी लागून ती उघडी पडली असती. उसाच्या फडात मोळ्या मनात मोजणारी मी. बाकीचे बारा हुकूम, किलवरची बडी पानं गेलेली मला पाठ होती. दश्शीच टाकली. चेअरमननी किलवरची सत्ती दिली. हात आमचा. मी बादली सरकवली. “चेअरमन, आमची गाय तीन बादल्या पिती. मोजायला मी हाय.”