चेंडू परत

चेंडू बॅटला नुसता चाटून तिरपा उडाला आणि प्रेक्षकांत जाऊन पडला, तेव्हा मुनिबा फोनवर बेसबॉलमधलं ‘फाउल’ म्हणजे नेमकं काय ते शोधत होती. एकदम गलका झाला म्हणून तिनं मान वर केली. खाली कठड्याजवळच्या रांगेत एक माणूस दोन्ही हातांची ओंजळ छातीशी घट्ट धरून उभा होता. ओंजळीत चेंडू होता. आणि तो माणूस म्हणजे तिचे अब्बा होते.

मैदानावरच्या मोठ्या पडद्यावर अब्बा झळकले. टाळ्या पडल्या, शिट्ट्या वाजल्या. अब्बांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी हात मागे नेला, सीमारेषेवरून फेकावा तसा चेंडू फेकला आणि तो बरोबर समोरच्या खेळाडूच्या हातमोज्यात गेला.

स्टेडियम हसलं. खेळाडूही हसला. त्यानं चेंडू अलगद अब्बांकडे उडवला. अब्बांनी तो झेलला आणि पुन्हा परत केला. या वेळी जरा रागानंच. “अरे भाई, मॅच रुकी है, लो ना!” त्यांचा आवाज थेट वर पत्रकारांच्या टेबलांपर्यंत आला.

“हू इज दॅट गाय?” शेजारच्या अमेरिकन पत्रकारानं हसत विचारलं. त्यानंच मग तिला समजावलं, की बेसबॉलमध्ये प्रेक्षकांत आलेला चेंडू ज्याला मिळेल त्याचा. तो घरी न्यायचा, नातवंडांना दाखवायचा. परत कुणीच करत नाही.

मुनिबा नुसती “ओह” म्हणाली. तिचे कान तापले होते. आखातातल्या मराठी माणसांच्या बातम्या देणाऱ्या त्या छोट्याशा पोर्टलवर ती इतके दिवस व्हिसाचे नियम आणि घरभाडी लिहीत होती. खेळाचं पान सांभाळणारा दर्शन सुट्टीवर गेला, म्हणून आज पहिल्यांदा तिच्या गळ्यात मैदानाचा पास आला होता. आणि शारजाच्या ट्रॅफिकमध्ये पोरगी अडकायला नको, म्हणून दुकान लवकर बंद करून अब्बा तिला गाडीनं घेऊन आले होते. “आलोच आहे तर बघतो काय ते,” म्हणून आत येऊन बसले होते.

दुपारी संपादक हेमाताईंचा व्हॉइस मेसेज आला होता. “हे बघ मुनिबा, एका दिवसात रूल्स शिकता येत नाहीत, आणि शिकल्याचा आव पण आणू नकोस. जिथं अडशील तिथं सरळ विचार. क्रिकेटशी तुलना एकदाच चालेल, दुसरी मी कापणार. आणि स्कोअर सगळ्यांकडे असतो. तुझ्याकडे काय आहे ते दे. यल्ला, चल, ऑल द बेस्ट.”

खाली तो खेळाडू आता स्वतः चालत कठड्याशी आला होता. त्यानं चेंडू अब्बांच्या हातात ठेवला, त्यांची बोटं त्यावर मिटवली आणि टोपीला हात लावून परत गेला. अब्बा चेंडू हातात धरून तसेच उभे राहिले. दुसऱ्याची वस्तू चुकून खिशात यावी, तसा त्यांचा चेहरा झाला होता. मागच्या रांगेतली पोरं त्यांची नक्कल करून हसत होती.

मुनिबानं लॅपटॉप मिटला. “ते माझे अब्बा आहेत,” ती त्या अमेरिकनाला इंग्रजीत म्हणाली आणि पायऱ्या उतरू लागली.

डाव बदलत होता. ती अब्बांच्या शेजारच्या खुर्चीवर बसली.

“चुकलं का गं काही?” अब्बांनी हळूच विचारलं. “सगळे हसतायत.”

“इथं बॉल परत करत नाहीत, अब्बा. तो आता तुमचा.”

“माझा कसा? मी थोडाच खेळतोय!” त्यांना ते काही पटेना. “असे चेंडू वाटत सुटले तर खेळायचे कशानं?”

मुनिबानं फोनचा रेकॉर्डर सुरू करून मध्ये धरला. “परत का केलात?”

अब्बा फोनकडे बघून जरा सावरून बसले. “आमच्या गावात पूर्ण टीममध्ये एकच चेंडू असायचा. मैदान दाभोळच्या खाडीला लागून. कुणी जोरात मारला की चेंडू पाण्यात. मग मी होडी काढायचो. दोन्हीकडचे खेळाडू काठावर उभे राहून ओरडायचे, ‘अन्वर, डावीकडे! अन्वर, पुढे!’ चेंडू घेऊन आलो, की त्यांचा खेळ सुरू. माझ्यामुळं कुणाचा खेळ अडायला नको, एवढंच.”

“आणि तुमची बॅटिंग?”

“माझा नंबर यायच्या आत बहुतेक अंधार पडायचा.” ते हे हसतच म्हणाले.

अब्बांचे तळवे लालबुंद झाले होते. तिनं आपली गार पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली. मागं पाहिलं, तर तो अमेरिकन आणि आणखी दोघं पत्रकार पायऱ्या उतरत येत होते.

“एक मिनिट,” ती त्यांना म्हणाली, “आधी माझं होऊ दे.” मग अब्बांकडे वळली. “पूर्ण नाव सांगा.”

“तुला माहीत नाही?”

“तुमच्या तोंडून हवं.”

“अन्वर इस्माईल मुकादम.” त्यांनी शर्टाची कॉलर सारखी केली.

“नावापुढं काय लिहू? दुकानदार? प्रेक्षक?”

अब्बांनी समोर दिव्यांनी उजळलेल्या हिरव्यागार मैदानाकडे पाहिलं.

“फील्डर लिही,” ते म्हणाले.