मध्येच थांबणारी सतार

सतार पुन्हा थांबली. गत नुकती रंगात आली होती, जगदेवरावांचा हात मांडीवर ताल धरत होता, आणि समेच्या अलीकडेच सगळं गप्प. चहा अर्धा उरला होता. फोनवर काहीतरी लिहिलेली पट्टी उमटली, पण चष्मा सापडेपर्यंत तीही गेली.

त्यांनी पुन्हा बोट दाबलं. सतार सुरू झाली. जगदेवरावांना मात्र चहा गोड लागेना.

हे आता रोजचं झालं होतं. बडोद्यात तरसालीच्या फ्लॅटमध्ये ते एकटेच राहत. पत्नी जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि एकुलती एक मुलगी शलाका कॅनडात, कॅलगरीला. दिवाळीला आली तेव्हा तिनेच गाण्यांचं हे अ‍ॅप त्यांच्या फोनवर घालून दिलं होतं. सकाळचा चहा आणि सतार, बेत तसा झकास होता. पण ती परत गेली आणि सतार मध्येच थांबायला लागली. तेवढ्याने भागत नव्हतं म्हणून की काय, सकाळी फोन उघडावा तर सतारीच्या जागी भलतंच गाणं येऊन बसलेलं असे. कुणी इंग्रज बाई, सर्दी झाल्यासारख्या आवाजात गाणारी.

हे गाणं लावलं कुणी? घरात दुसरं माणूस नाही. म्हणजे आपणच लावलं असणार, आणि आपल्याला आठवत नाही.

इथे त्यांना भावाची आठवण यायची. थोरले बंधू जयसिंगराव असेच आधी किल्ल्या विसरू लागले होते, आणि शेवटी शेवटी सख्ख्या भावालाच "आपण कुणाकडे आलात?" म्हणून विचारायचे. जगदेवरावांनी स्वतःची परीक्षा घेतली. एकोणतीसचा पाढा म्हटला, बरोबर आला. रावपुऱ्यातल्या जुन्या शेजाऱ्यांची नावं ओळीने आठवली, तीही आली. मग एका सकाळी दाढी करताना ते काहीतरी गुणगुणत होते आणि एकदम लक्षात आलं, ही तर ती सर्दीवाली बाई. अर्धी दाढी तशीच ठेवून ते पलंगावर जाऊन बसले.

शलाकाला सांगणं शक्यच नव्हतं. कळलं असतं तर ती नोकरी सोडून आली असती, नाहीतर त्यांना उचलून तिकडे बर्फात नेऊन बसवलं असतं. शिवाय दोघांचं बोलणं ते किती? आई होती तोवर बोलायचं काम तिच्याकडे होतं. आता रविवारी फोन यायचा. "जेवलात?" "जेवलो. थंडी आहे का?" "आहे." एवढ्यात दोघांचंही सांगून संपायचं.

शेवटी ते समोरच्या कौमुदीकडे गेले. कौमुदी बँकेत होती, जन्मापासून बडोद्यातच वाढलेली, त्यामुळे तिच्या मराठीत गुजराती कधी शिरे ते तिचं तिलाही कळत नसे. जगदेवरावांनी आधी "फोन जुना झालाय" म्हणून पाहिलं. मग ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही हे पटलं आणि सगळं सांगितलं. भावाचंसुद्धा.

कौमुदीने फोन पाहिला आणि हसू दाबलं. "अरे काका, तुम्ही पण ने! गाण्याचं खातं एकच छे, नि घरं दोन. शलाका तिकडे गाणं लावते, तेव्हा तुमचं बंद. तुम्ही लावलं की तिचं बंद. डोकं एकदम मस्त आहे तुमचं."

"म्हणजे ती गाणारी बाई..."

"शलाकाची."

जगदेवरावांना इतकं हलकं वाटलं, की डॉक्टरांनी नको म्हटलेली सेव-उसळ त्यांनी खाली जाऊन खाल्ली, वर तर्रीही मागून घेतली. घरी आल्यावर मात्र त्यांना वाईट वाटू लागलं. म्हणजे आपण इथे बोट दाबायचो आणि तिकडे पोरीचं गाणं तुटायचं. दिवसभर राबून आलेली, घटकाभर काही ऐकावं म्हणून बसत असेल. आणि कधी एका शब्दाने बोलली नाही. अगदी आईवर गेली आहे.

संध्याकाळी त्यांनी कौमुदीकडून स्वतःचं वेगळं खातं उघडून घेतलं.

"शलाकाला कळवू?" कौमुदीने विचारलं.

"कशाला? तिचं तिला कळेल." मुलीला काही देण्याचा योग बऱ्याच दिवसांनी आला होता. या हाताचं त्या हाताला कळू नये, असं त्यांच्या घरात मानत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जय्यत तयारी केली. चहात आलं ठेचून घातलं. सतारीच्या मध्ये कुणी कडमडू नये म्हणून येणारे फोनही बंद करून ठेवले. सतार सुरू झाली. आलाप झाला, गत आली, सम आली, आणि शेवटपर्यंत वाजून संपली. कुठेच तुटली नाही. जगदेवराव तसेच बसून राहिले. काहीतरी चुकल्याचुकल्यासारखं होत होतं, पण काय ते उमगेना. त्यांनी दुसरी लावली. तीही पूर्ण वाजली. ती सर्दीवाली बाईसुद्धा कुठे दिसली नाही.

तेवढ्यात कुणीतरी दार ठोठावलं. अर्धवट विंचरलेल्या केसांनी कौमुदी उभी होती, हातात तिचा फोन. "काका, फोन केम नाही उचलत? लो, बोला. शलाका रडते आहे."

"शलाका? काय झालं बेटा?"

"बाबा, तुम्ही बरे आहात ना?"

"मला काय धाड भरलीय?"

"मी रोज रात्री जेवून भांडी घासताना गाणं लावते. ते मध्येच बंद पडलं की कळतं, बाबा उठले, चहा घेतायत. मग मी निवांत खिडकीशी बसते." तिने नाक ओढलं. "आज भांडी घासून झाली, ओटा पुसून झाला, तरी माझं गाणं चालूच, बाबा."