खूण येईपर्यंत

“मॅडम, ह्या आया थांबल्याच नाहीत,” प्रयोगशाळेतली मदतनीस अस्तू म्हणाली.

दिबोरने सूक्ष्मदर्शकावरचा डोळा काढला नाही. काढला असता तर दारात उभ्या नवऱ्याकडे बघावं लागलं असतं. दाऊदा कडक इस्त्रीचा पांढरा पायघोळ बूबू घालून आला होता, बहुतेक तिला न्यायलाच. जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीत त्यांच्या बिरामसाठी जनाज्याची नमाज व्हायची होती, देहाशिवायच. पोरगा होडीतून स्पेनला निघाला, त्याला वर्ष होत आलं. ना फोन, ना निरोप. दिराने सकाळी सरळ सुनावलं होतं, की पोराच्या रूहला असं किती दिवस लटकत ठेवणार, आईने एकदा हो म्हटलं की झालं. दाऊदा तेव्हा गप्पच होता. म्हणजे त्याचंही तेच मत, असं तिने धरलं.

हो म्हणायला तिची जीभ रेटत नव्हती आणि नाही म्हणायला हातात काही नव्हतं. म्हणून ती प्रयोगशाळेत पळून आली होती.

काचेखाली नेतेतूतले जिवाणू होते. डाकारमध्ये ज्याच्याशिवाय कालवण होत नाही, ते आंबवलेल्या बियांचं, उग्र वासाचं नेतेतू. उपासमार झाली की यातली पेशी आई होते; पोटात एक पिल्लू धरते आणि त्याच्यावर कवच चढवत जाते, म्हणजे पुन्हा अन्न मिळेपर्यंत ते आत झोपून राहील. पण शेवटच्या कवचाची जनुकं ती आपल्या मनाने सुरू करत नाही. आतून पिल्लाची खूण यावी लागते. अस्तूने वाट बघायला लावणारं तेवढं जनुक काढून टाकलं होतं.

“खुणेविनाच कवच चढवलं?”

“हो. वेळेआधीच.”

“आणि पिल्लू?”

अस्तू घुटमळली. मॅडमच्या घरचं तिला ठाऊक होतं. “दिसायला ठीक आहे. पण मग खायला घातलं, तरी धड जागं होत नाही.”

“आणि ज्यांना खूण येतच नाही, त्या साध्या आया?”

“त्या थांबतात, मॅडम. मरेपर्यंत.”

दिबोर उठली. ती नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

“बिरामचे बाबा, लोक मला वेडी म्हणतील. म्हणू देत. माझ्या पोराची नमाज मी पढू देणार नाही.”

ती भांडायच्या तयारीत होती. दाऊदा मात्र भिंतीला टेकून खाली फरशीवरच बसला.

“बरं झालं,” तो म्हणाला. “इमामांना मी सकाळीच सांगून आलोय, की बिरामची आई नाही म्हणते.”