सीलबंद पाकीट

“रक्त वाढलंय, आता कसलं रडगाणं?” गेली दोन वर्षं दवाखान्यातले मोठे डॉक्टर मला असंच झटकायचे. मी शिवणकाम करणारी बाई. सुई बोटात घुसली तरी कापडावर डाग पडेपर्यंत कळायचं नाही. पायातून निसटलेली चप्पल मागून कुणी ओरडल्यावर समजायची. “वय झालं,” म्हणत डॉक्टर रक्तवाढीची गोळी पुन्हा लिहायचे. आज ते बाजूला चहा पीत बसले. नव्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. मोठ्या डॉक्टरांच्याच टेबलाच्या ड्रॉवरमधलं सीलबंद, पिवळं पडलेलं पाकीट फाडून त्यांनी नसा तपासायचा, स्टीलचा चिमट्यासारखा काटा काढला, तळहातावर आपटून घोट्याला टेकवला. “थरथर जाणवते?” “कसली थरथर?” “बी-बारा कमी असणार,” त्या म्हणाल्या. “त्या गोळीतल्या फॉलिक अ‍ॅसिडनं रक्त सुधारलं, म्हणून ही कमतरता झाकली गेली; नसा मात्र वाळत गेल्या.” “बोटं पूर्वीसारखी होतील?” त्यांनी मान न उचलता इंजेक्शनं लिहायला घेतली. मी फाटकं पाकीट उचलून मोठ्या डॉक्टरांच्या कपासमोर ठेवलं. “डॉक्टर, एवढंच तर फाडायचं होतं!”