चोवीस तासांच्या आत

शिरोड्यात काजूचा कारखाना चालवणाऱ्या स्वप्नाला कुणालाही 'नाही' म्हणणं जमत नसे. तिचे मामेसासरे वैभववाडीचे व्यापारी, तिच्याकडूनच काजू घेत. जीएसटी चुकवायला दरवेळी सांगत, "बिल कमी वजनाचा कर गो," आणि ती निमूट करी. ई-इनव्हॉइस सक्तीचं झालं, तेव्हा तिला हायसं वाटलं. "मामांनू, बिल आता थेट सरकारी पोर्टलार जाता. माझ्या हातात काय नाय," ती खुशाल सांगू लागली. आज मात्र मामा बिल बघून हसले. "चोवीस तासांत रद्द करूक येता, माका माझ्या सीए-न सांगल्यान." ते स्वप्नालाही ठाऊक होतं. काजू सोलणाऱ्या बायकांचे हात थांबले. "येता," ती म्हणाली, "पण मी करूचंय नाय." मामांनी बिलाची घडी करून खिशात टाकली. "बरां. मगे चाय तरी दितलंस?" चहा गाळताना स्वप्ना स्वतःशीच हसत होती.