तापाचा नवस

वनमालाच्या स्तनाच्या कॅन्सरवर तेव्हा, चौऱ्याऐंशी साली, प्रतिकारशक्ती चेतवणारी इंजेक्शनं सुरू होती. "ताप चढला, की समजा शरीर लढायला उठलं," डॉक्टर म्हणाले होते. तीन इंजेक्शनं झाली, तरी अंग गारच. विक्रोळीच्या चाळीत सासूबाईंनी जन्मात पहिल्यांदाच, ताप यावा म्हणून नवस बोलला.

चौथ्या, शेवटच्या इंजेक्शनच्या संध्याकाळी नवऱ्यानं, जयवंतनं, स्टोव्हवरच्या चहाच्या पातेल्यापाशी पाठमोरं उभं राहून थर्मामीटर झटकला आणि तिच्या तोंडात दिला. मिनिटभरानं काढून पाहिला आणि ओरडला, "आई, एकशे एक! फोड नारळ!"

"तरीच दुपारपासून अंग कसकसतंय," वनमाला हसून म्हणाली.



थर्मामीटर जिभेखाली जाताच तिला आल्याच्या चहाची चव लागली होती.