चढावरची टकटक

"आला! ऐकलं का?" मुखरूने ब्रेक दाबला आणि खाली उडी मारली.

केळझरच्या जंगलातला तोच चढ. तीच टक्-टक्-टक्. त्याने घाईने बॉनेट उघडलं, तर इंजीन एखाद्या शहाण्या बैलासारखं मुकाट चालत होतं.

उन्हाळ्यापर्यंत ही मूल-चांदा सर्व्हिस मोटर याच चढावर हमखास तापायची. पाणी ओतायचं, इंजीन निवायची वाट पाहत बसायचं. शेवटी मालक गुणवंतरावांनी चांद्याच्या नथ्थू मिस्त्रीकडून सगळं इंजीन खोलून घेतलं. पिस्टन नवे, बेअरिंग नवे. आता मोटर चढ हसत चढायची. पण हा आवाज तेव्हापासूनच मागे लागला होता.

उतारू कुरकुरू लागले. मूलच्या बाजारातून परतणारी सुकरी तेवढी खिडकीतून समजुतीने म्हणाली, "आवाज येते ना, भाऊ. मोठा येते. पाहून घे बराबर."

मग ती, दिवस भरत आलेली तिची लेक बुधरी आणि सोबतच्या बाया बाजाराच्या टोपल्या डोक्यावर घेऊन उतरल्या.

"तुले वेळ लागन. आमी जातो पायीच."

पायवाटेने त्या झाडीत दिसेनाशा झाल्या. मुखरूने बॉनेट धाडकन लावलं. आपल्या मोटरीचा भरवसा वाटेना, म्हणून अवघडलेली पोर जंगलातून पायी जाते! हा आवाज शोधल्याशिवाय राहायचं नाही, असं त्याने तिथेच ठरवलं.

चांद्याला गुणवंतराव तापलेच होते. "जंगलात मोटर उभी करू नोको म्हणून किती खेपा सांगतलं? आता उभी राह्यली, त दुसरा डायवर पाहीन!"

"पाहा, मालक. पण आतमंदी काही तुटलं, त माणसं मरतीन. आवाज सापडल्याबिगर मी गप बसणार नाई."

नथ्थू मिस्त्रीने इंजिनाच्या झडपांचे टॅपेट पुन्हा जुळवले, इंजिनाचे बोल्ट आवळले. दोघांनी रिकामी मोटर चढावर नेली. आवाज नाही. धानाची पोती भरून नेली. तरी नाही.

"तुह्या कानातच टकटक हाये," नथ्थू वैतागला.

"माह्या एकट्याच्या? ते सुकरीबाईबी ऐकते ना!"

मुखरू हटायला तयार नव्हता. इंजिनात नाही, तर मागच्या चाकांत असेल. पुढे बसून ते कसं कळणार? म्हणून बाजाराच्या दिवशी मूलला त्याने नथ्थूला हाकायला बसवलं. उतारू चढायच्या आधीच तो मागच्या पोत्यांआड शिरला आणि फळीला कान लावून आडवा झाला.

मोटर भरली, निघाली. धुळीने नाक भरलं, हादऱ्यांनी अंग ठेचून निघालं. तरी कान हलवला नाही. चाकं ठीक, अॅक्सल ठीक. चढ लागला. इंजिनाचा सूर जड झाला.

टक्-टक्-टक्.

अगदी कानाशी! मुखरू धडपडत उठला आणि पोत्यावरून डोकावला. पुढच्याच बाकावर बुधरी ओणवी होऊन विळ्याच्या पाठीने बाकाचा लोखंडी पाय ठोकत होती.

सुकरी तिच्या कानाशी वाकली. "जोरानं ठोक, पोरी. आज दुसराच हाकून राह्यला. थांबला नाई, त आपलं गाव मागं पडन."